पोरक्या पिलांचें दूध आणि त्याची परीक्षा



बुधवार पेठेंतील सर्वांत प्रसिद्ध गणपति एका हलवायाच्या नांवानें ओळखला जातो, हें आपणां सर्वांस ठाऊक आहे. हलवायाचा सारा धंदा दुधावर चालतो, आणि दुधाची परीक्षा करण्याची त्याची जुनी रीत मोठी सरळ असे. आलेल्या दुधांतून ठराविक माप कढईंत ओतावें, तें आटवावें आणि उतरलेला खवा तराजूंत घालावा. खवा कमी भरला, तर दुधांत पाणी आहे असें समजावें. परंतु कोणी दुधांत पीठ कालविलें, तर खवा भरपूर उतरे आणि परीक्षा फसे. मग आयोडिनचा थेंब पुढें आला. दुधांत पिष्ट असलें कीं तो निळा रंग दाखवितो.

आज मला ज्या दुधाविषयीं बोलावयाचें आहे, तें माणसाच्या मुखीं जाणारें नव्हे. आईला मुकलेल्या पिलांना भुकटी पाण्यांत कालवून जें दूध पाजतात, त्याची परीक्षा कशी करावी आणि ती विद्या मनुष्यास कशी प्राप्त झाली, हा आजचा विषय आहे. हा प्रश्न पुणेकरांपासून दूर नाहीं. जुन्नरच्या बाजूस उसाच्या फडांत बिबट्यांच्या माद्यांना पिलें होतात, आणि ऊसतोड सुरू झाली कीं तीं उघडीं पडतात. वनखात्याचे लोक प्रथम मायलेंकरांची गांठ घालून देण्याचा यत्न करितात. आई आलीच नाहीं, तर त्या पोरक्यांचा भार माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रासारख्या संस्थेवर पडतो. कात्रजच्या राजीव गांधी प्राणिसंग्रहालयांतहि प्राण्यांचें अनाथालय आहे. मानवी बालक रडून तक्रार सांगतें व त्याची आई तें जाणते. पोरक्या पिलाची तक्रार समजून घेणारें कोणीच नसतें, म्हणून त्याच्या दुधाची परीक्षा अधिक कसोशीनें व्हावयास पाहिजे.

परीक्षेचा इतिहास पाहूं लागलें, तर एक गोष्ट वारंवार दिसते. प्रत्येक परीक्षा दुधाला एकच प्रश्न विचारते, आणि लबाड मनुष्य तेवढ्याच प्रश्नाचें उत्तर पाठ करून येतो. आपल्या अप्पा बळवंत चौकांत पाठ्यपुस्तकांच्या शेजारींच अपेक्षित प्रश्नांचे संच विकावयास मांडलेले असतात. दुधाच्या व्यापारांतहि असे संच पूर्वीपासून आहेत. दुग्धमापक नळी दुधाचें विशिष्ट गुरुत्व दाखविते. पाणी घातलें कीं तें उतरतें, आणि साय काढली कीं तें चढतें. तेव्हां साय काढून मग बेताचें पाणी घातलें, म्हणजे नळी बिचारी समाधानी ! यावर उपाय म्हणून १८९० च्या सुमारास अमेरिकेंत बॅबकॉक यानें आणि स्वित्झर्लंडांत गर्बर यानें गंधकाम्लाच्या साह्यानें स्निग्धांश मोजण्याच्या रीती काढिल्या.

प्रथिनें मोजण्याची रीत १८८३ सालीं कोपनहेगनच्या केल्डाल यानें शोधून काढिली. परंतु ती रीत प्रथिनें प्रत्यक्ष मोजीत नाहीं. ती नत्रवायूचें प्रमाण मोजते, आणि त्यावरून प्रथिनांचा हिशेब करावयाचा असतो. मेलामाईन नामक रसायनांत वजनाचे सुमारें दोन तृतीयांश नत्र असतें, पण पोषण कवडीचेंहि नसतें. २००७ सालीं अमेरिकेंत कुत्र्यामांजरांच्या तयार खाद्यांत तें सांपडलें, आणि मूत्रपिंडें निकामी होऊन अनेक प्राणी मेले. पुढच्याच वर्षीं चीनमध्यें तेंच द्रव्य तान्ह्या मुलांच्या दुधाच्या भुकटींत निघालें. सुमारें तीन लक्ष बालकें आजारी पडलीं आणि सहा दगावलीं. मुक्या जनावरांवर आलेल्या संकटाची सूचना वेळींच कोणी मनावर घेतली असती, तर !

येथवर लबाडीची कथा झाली. परंतु भेसळ नसलेली भुकटीहि पिलाला मारूं शकते, हें त्याहून महत्त्वाचें आहे. १८८१ सालीं डोरपाट येथील विद्यापीठांत लुनिन नांवाच्या तरुणानें दुधांतील ज्ञात घटक, म्हणजे केसीन, स्निग्धांश, शर्करा आणि क्षार, निराळे करून पुन्हां एकत्र केले आणि तें मिश्रण उंदरांना दिलें. उंदीर मेले. नैसर्गिक दुधावरचे उंदीर मात्र जगले. दुधांत आणखी कांहीं अज्ञात द्रव्यें असलीं पाहिजेत, असा निष्कर्ष त्यानें काढिला. १९१२ सालीं केंब्रिजच्या हॉपकिन्स यांनीं दाखवून दिलें कीं, अशा शुद्ध मिश्रणावर खुंटलेलीं उंदरांचीं पिलें रोज दोनतीन घन सेंटिमीटर दूध मिळतांच वाढूं लागतात. जीवनसत्त्वांचें शास्त्र यांतून उभें राहिलें, आणि हॉपकिन्स यांना १९२९ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

हा धडा तेथें संपला नाहीं. १९७५ सालीं असें आढळून आलें कीं, केवळ केसीनवर पोसलेल्या मांजरांच्या डोळ्यांतील पडदा झिजतो. कारण टॉरीन हें द्रव्य मार्जारकुलाला अन्नांतूनच मिळावें लागतें. बिबट्या त्याच कुळांतला. गाईच्या दुधांत टॉरीन फार थोडें असतें, तेव्हां गाईला साजणारी उत्तम भुकटीहि बिबट्याच्या पिलास अपुरी पडते. कुत्रीच्या दुधांत स्निग्धांश व प्रथिनें गाईच्या दुधाच्या दुपटीहून अधिक असतात, शर्करा मात्र कमी असते. म्हणून "दूध चांगलें आहे काय ?" हा प्रश्न अपुरा आहे. "कोणासाठीं चांगलें ?" असें विचारावयास हवें.

मग व्यवहारांत काय करावें ? भुकटी कोमट पाण्यांत कालवून पाहावी. ती गुठळ्या न होतां विरघळली पाहिजे, वर तेल तरंगतां कामा नये, आणि तळाशीं करपलेले कण बसतां कामा नयेत. खवट वास आला तर ती टाकून द्यावी. वासरांच्या भुकटीच्या पिशवीवर तंतुमय द्रव्याचा आंकडा वाचावा. दुधांत तंतु नसतात, म्हणून तो आंकडा डोळ्यांत भरण्याइतका असेल, तर आंत वनस्पतींचें पीठ आहे असें समजावें. भुकटी करतांना दूध फाजील तापविलें गेलें असेल, तर रेनेटनें त्याचें दहींसारखें घट्ट चाकें बनत नाहीं, आणि तान्ह्या वासराला तें पचविणें जड जातें.

परंतु या साऱ्या परीक्षा प्रवेशपरीक्षा होत. शेवटचा निकाल पिलाच्या वजनांत असतो. रोज एकाच वेळीं त्याला तराजूंत घालावें आणि आंकडा वहींत लिहावा. वजन चढत नसेल किंवा हगवण लागली, तर पिशवीवरील प्रशस्तिपत्रक बाजूस ठेवून पशुवैद्याकडे जावें. हलवायानें खवा तराजूंत घालून दूध जोखलें. आपणहि तराजूच वापरावयाचा, मात्र त्यांत ठेवावयाचा तो जीव. त्याला तोंडपाठ उत्तर देतां येत नाहीं, म्हणूनच त्याचा निकाल खरा असतो.