बंदिवानांचा मताधिकार
तुरुंगात अथवा पोलिसांच्या कायदेशीर हवालतीत असलेल्या व्यक्तीचा निवडणुकीत मत देण्याचा हक्क. भारतात तो सर्वसाधारणपणे मान्य नाही. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ याच्या कलम ६२ (५) अन्वये शिक्षा झाल्यामुळे वा अन्य कारणाने तुरुंगात असलेल्यास मतदान करता येत नाही. प्रतिबंधक स्थानबद्धतेतील व्यक्ती यास अपवाद असून तिला टपालाने मत देता येते.

या निर्बंधाचे मूळ इंग्रजी कायद्यात सापडते. घोर अपराध्याची मालमत्ता जप्त करून त्याला विधिदृष्ट्या मृतवत मानण्याची तेथे जुनी परंपरा होती. १८७० च्या अधिनियमाने ही जप्ती रद्द केली. परंतु राजद्रोह वा घोर अपराधाबद्दल बारा महिन्यांहून अधिक शिक्षा झालेल्याचा मताधिकार शिक्षा संपेपर्यंत काढून घेतला. भारत सरकार अधिनियम, १९३५ खालीही काळ्या पाण्याची वा कारावासाची शिक्षा भोगणाराच मतदानास अपात्र होता. १९५१ च्या अधिनियमात मात्र ‘वा अन्यथा’ अशी शब्दयोजना झाली आणि ज्याचा अपराध अद्याप सिद्ध झालेला नाही, तो न्यायाधीन बंदीही (कच्चा कैदी) निर्बंधाच्या कक्षेत आला. निर्बंधाचा आधार शिक्षा हा न राहता केवळ बंदिवास हा झाला. परिणामी जामिनावर सुटलेला दोषसिद्ध अपराधी मतदान करू शकतो. जामिनाची ऐपत नसलेला कच्चा कैदी करू शकत नाही. २०२२ अखेर देशातील तुरुंगांत ५,७३,२२० बंदी होते. त्यांपैकी ४,३४,३०२ न्यायाधीन होते.

मतदान व उमेदवारी यांतील तफावत आणीबाणीनंतरच्या निवडणुकीत ठळकपणे दिसली. मार्च १९७७ मध्ये जॉर्ज फर्नांडिस हे बडोदा डायनामाइट खटल्यात बंदिवासात असताना बिहारमधील मुझफ्फरपूर येथून लोकसभेवर निवडून आले. ज्याला मत देता येत नाही त्याला उमेदवारही होता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१३ मध्ये दिला. तथापि त्याच वर्षी संसदेने अधिनियमात दुरुस्ती करून तो निष्प्रभ केला. उमेदवारांची वाट अशी तत्परतेने मोकळी झाली, मतदारांची मात्र झाली नाही.

अनुकूलचंद्र प्रधान खटल्यात (१९९७) सर्वोच्च न्यायालयाने कलम ६२ (५) वैध ठरविले. बंद्यांच्या मतदानासाठी मोठा पोलीस बंदोबस्त लागेल, बंदी हा आपल्या वर्तनामुळेच तुरुंगात असतो आणि गुन्हेगारांना निवडणुकीपासून दूर ठेवणे इष्ट आहे, ही त्यामागील प्रमुख कारणे. यांपैकी पहिले कारण प्रशासकीय सोयीचे असून स्थानबद्धांसाठी टपाली मतदानाची सोय असल्याने ते फारसे पटत नाही. दुसरे कारण न्यायाधीन बंद्यास लागू करणे म्हणजे निकालापूर्वीच त्याला दोषी मानणे होय.

इंग्लंडमध्ये न्यायाधीन बंद्यास टपालाने वा प्रतिनिधीमार्फत मत देता येते. दक्षिण आफ्रिकेच्या संविधान न्यायालयाने १९९९ मध्ये बंद्यांची मतदार म्हणून नोंदणी व मतदान यांची व्यवस्था करण्याचा आदेश निवडणूक आयोगाला दिला. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये दोन वर्षे वा अधिक शिक्षा झालेल्यांवरील मतदानबंदीही रद्द केली.