डेम्लो संख्या : रेल्वे स्थानकावर सुचलेले गणित

१११ या संख्येचा वर्ग १२३२१ आणि ११११ चा वर्ग १२३४३२१ येतो. याच रीतीने नऊ वेळा १ लिहून तयार होणाऱ्या संख्येचा वर्ग केला असता १२३४५६७८९८७६५४३२१ ही सतरा अंकी संख्या मिळते. ती डावीकडून वाचली काय किंवा उजवीकडून, सारखीच. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'तील अठरा स्थानांच्या नामावलीनुसार तिचा पहिला अंक 'मध्य' या स्थानी, म्हणजे 'परार्धा'च्या एकच पायरी खाली येतो.

अशा संख्यांना 'डेम्लो संख्या' हे नाव दिले देवळालीचे शाळाशिक्षक दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५-१९८६) यांनी. मुंबईपासून सुमारे ३० मैलांवरील जी.आय.पी. रेल्वेच्या डेम्लो स्थानकावर, म्हणजे आजच्या डोंबिवलीत, त्यांना ही कल्पना सुचली. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकताना १९२७ मध्ये रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळविणाऱ्या कापरेकरांनी १९३० ते १९६२ पर्यंत देवळालीत अध्यापन केले.

या संख्येचे रहस्य साध्या गुणाकारात आहे. गुणाकार मांडला की १ च्या नऊ ओळी एकेक घर सरकत एकाखाली एक येतात. मधल्या स्तंभात नऊ एक जमतात, दोन्ही बाजूंना ते एकेकाने घटत जातात. कोठेही हातचा येत नाही. दहा वेळा १ घेतल्यास मात्र मधली बेरीज दहा होते, हातचा येतो आणि वर्ग १२३४५६७९००९८७६५४३२१ असा येऊन सममिती भंगते.

सतरा अंकांची बेरीज ८१ असून मूळ संख्येला ८१ ने निःशेष भाग जातो. भागाकार १५२४१५७८९९७१०४१, म्हणजेच १२३४५६७९ चा वर्ग. स्वतःच्या अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्यांना कापरेकरांनी 'हर्षद', अर्थात आनंद देणाऱ्या, असे म्हटले. प्रत्येक डेम्लो संख्या हर्षद नसते. १२१ ला ४ ने भाग जात नाही.

असे गुणधर्म संख्येचे नसून दशमान लेखनाचे आहेत, हा त्यांच्यावरील आक्षेप खरा आहे. द्विमान पद्धतीत ११ चा वर्ग १००१ होतो. तेथे हा आकृतिबंध दुसऱ्याच पायरीवर मोडतो. जी. एच. हार्डी यांनीही १९४० मध्ये अशा अंकगमतींना गंभीर गणितात स्थान नाकारले होते. भारतातही कापरेकरांचे संशोधन अनेकांना क्षुल्लक वाटले. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मधील सदरात त्यांच्यावर लिहिल्यानंतर त्यांचे नाव जगभर पोहोचले. मात्र नऊनंतर ही सममिती का मोडते, हे ज्या विद्यार्थ्याला उमगले, त्याला स्थानमूल्य आणि हातचा यांचा अर्थ वेगळा शिकवावा लागत नाही. एका शाळाशिक्षकाच्या संशोधनाचे हे मोल लहान नाही.