धर्मदंड आणि राजदंड
सतराव्या शतकात जर्मनीतील व्युर्ट्‌सबर्ग, बांबेर्ग, माइन्झ येथील बिशप आपापल्या प्रदेशाचे राजेही होते. त्यांना निवडीत कॅथीड्रलचे कॅनन. आणि कॅननपदासाठी सारे पूर्वज उमराव असल्याचे सिद्ध करावे लागे. (गालीलचा कोळी पेत्र दारातच अडला असता!) निवडीपूर्वीच भावी बिशपाकडून कॅननांच्या हक्कांचा करार शपथेवर करून घेत. १६९५ मध्ये पोप बारावे इनोसंट यांनी असे करार निषिद्ध ठरविले. पळवाटा निघाल्याच, तरी बिशपांचा हात काहीसा मोकळा झाला. १७२० साली व्युर्ट्‌सबर्गच्या भव्य राजवाड्याचे काम योहान फिलिप फ्रान्झ फॉन श्योनबॉर्न यांनी आरंभिले. तेही बिशप, उमरावच. त्यांचे चुलते त्याच वेळी माइन्झ व बांबेर्ग या दोन्ही गाद्यांवर होते. १८०३ मध्ये ही राज्ये खालसा झाली.