आईचा फोटो आणि करडा रंग

२०२४ साली आमच्या अक्काचं सहस्रचंद्रदर्शन झालं. नातेवाईक मंडळी कऱ्हाडला होतीच, त्यांना ही हकिकत अर्धी ठाऊक आहे. उरलेली अर्धी लिहितो.

आईचा एकच फोटो आमच्याकडे आहे. १९४८ सालचा, पोस्टकार्डाएवढा, नागमोडी कातरलेल्या कडांचा. मी चार वर्षांचा असताना आई गेली. मला ती अजिबात आठवत नाही. अक्का तेव्हा अकरा वर्षांची होती, तिला आठवते. माझ्यापुरती आई म्हणजे तो फोटो. निगेटिव्ह स्टुडिओतच राहिली आणि स्टुडिओ कधीच बंद पडला.

तर अक्काला हा फोटो मोठा करून द्यायचा असं मी ठरवलं. भाच्याने स्कॅन केला, डाग-चिरा पुसल्या, आणि एका दुकानातून इंकजेटवर मोठा प्रिंट काढून आणला. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली झकास दिसत होता. घरी आणून खिडकीपाशी धरला तर आई हिरवट! संध्याकाळी पिवळ्या बल्बखाली पाहिला तर गुलाबी. सूनबाई म्हणाली, "बाबा, आजी आजारी दिसतात हो." मला त्या रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या कुणाचा फोटो असता तर चाललं असतं.

निवृत्त मास्तराकडे वेळ भरपूर असतो. हे असं का होतं ते मी शोधत बसलो, आणि त्यातून जे सापडलं तो चांगला पंचवीस-तीस वर्षांचा इतिहास निघाला.

मला वाटायचं, काळापांढरा फोटो छापायला काळी शाई पुरे. तसं नसतं. यंत्र कागदावर शाईचे ठिपके टाकतं. काळा ठिपका पांढऱ्या कागदावर सुटासुटा पडला की डोळ्याला दिसतो, गालावर मिरपूड भुरभुरल्यासारखा. म्हणून फिकट भागात यंत्र निळी, किरमिजी आणि पिवळी शाई एकत्र करून करडा रंग 'बनवतं'. लग्नाच्या फोटोत शालूचा लाल जरा इकडचा तिकडे झाला तर कोण विचारतो? करड्याचं मात्र तसं नाही. तीन शायांचा तोल किंचित ढळला तरी डोळा लगेच पकडतो. शिवाय त्या तिन्ही शाया वेगवेगळ्या प्रकाशाला वेगवेगळा प्रतिसाद देतात, त्यामुळे ट्यूबखाली जुळलेला तोल उन्हात बिघडतो. याला मेटामेरिझम म्हणतात. जुन्या ब्रोमाइड कागदावर ही भानगडच नव्हती. तिथे गडद काय नि फिकट काय, सगळं चांदीच्या कणांचं काम.

आता खरी गोष्ट. ग्रॅहॅम नॅश नावाचा एक प्रसिद्ध गायक आहे, 'क्रॉस्बी, स्टिल्स अँड नॅश' या त्रयीतला. माझ्या पिढीतल्या मराठी माध्यमवाल्याला हे नाव ठाऊक असायचं कारण नाही, मलाही मुलाने सांगितलं. हा गृहस्थ फोटोही काढायचा. त्याच्या बऱ्याचशा निगेटिव्ह आणि प्रिंट प्रकाशकाकडे पाठवताना वाटेत गहाळ झाले. हातात उरले फक्त काँटॅक्ट प्रिंट, म्हणजे निगेटिव्हच्याच मापाचे चिमुकले फोटो. (हे वाचताना मी नागमोडी कडांच्या आमच्या फोटोकडे पाहिलं, हे सांगायला नकोच.) त्या काळात संगणकावर फोटो सुधारता येई, पण पडद्यावर दिसतं तसं कागदावर उतरवणारं यंत्र मिळेना. शेवटी आयरिस नावाचं एक यंत्र सापडलं. ते खरं तर छापखान्यांसाठी होतं. मोठी छपाई सुरू करण्याआधी रंग कसे येतील ते पाहायला एक प्रूफ काढतात ना, त्यासाठी. डिस्नेतल्या डेव्हिड कून्स नावाच्या तंत्रज्ञाने ते चिमुकले फोटो स्कॅन केले, आणि नोकरीची वेळ संपल्यावर तिथल्याच आयरिसवर नॅशने काढलेली सोळा व्यक्तिचित्रं जलरंगाच्या जाड कागदावर मोठी करून दिली. एप्रिल १९९० मध्ये त्यांचं प्रदर्शन भरलं.

त्याच वर्षी जुलैमध्ये नॅशने स्वतःच एक आयरिस विकत घेतलं. किंमत एक लाख सव्वीस हजार डॉलर! मी चष्मा पुसून आकडा परत वाचला. आणि आणल्यावर पहिलं काम काय, तर जाड कागद जावा म्हणून शाईची तोंडं मागे सरकवली. म्हणजे वॉरंटी गेली. मॅक हॉलबर्ट या त्याच्या मित्राबरोबर कॅलिफोर्नियात मॅनहॅटन बीच इथे त्याने १९९१ साली 'नॅश एडिशन्स' नावाचा छापखाना काढला. ते यंत्र २००५ साली वॉशिंग्टनच्या अमेरिकन इतिहास संग्रहालयाला देण्यात आलं. हरवलेल्या निगेटिव्हपायी एक माणूस कुठवर गेला पाहा.

पण आयरिसच्या शाया टिकेनात. प्रूफ वर्षानुवर्षं टिकावं अशी अपेक्षा कोणी केलीच नव्हती. घरगुती इंकजेट आले तेव्हाही हेच रडगाणं. २००० साली एप्सनच्या काही फोटो प्रिंटरवरचे फोटो हवेतल्या ओझोनमुळे थोड्याच दिवसांत नारिंगी पडू लागले. त्याच वर्षी त्यांनी विरघळणाऱ्या रंगाऐवजी रंगाचे बारीक कण असलेल्या शाईचा २०००पी काढला. हे प्रिंट टिकणारे होते, पण काळापांढरा फोटो उजेडात नेला की हिरवा! म्हणजे आमच्या आईचा आजार जुनाच निघाला. दुकानदारावरचा माझा राग तिथे थोडा उतरला.

यावर तोडगा काढणाऱ्यांत जॉन कोन हा व्हरमाँटमधला छपाईवाला मला सगळ्यात आवडला. त्याचं म्हणणं साधं: करडा रंग रंगांतून बनवायचाच कशाला? काळीच शाई पातळ करा. एक दाट, एक फिकी, एक त्याहून फिकी. रंगीत शायांच्या जागी या भरा. २००० साली त्याने ही 'पिएझोग्राफी' पद्धत बाजारात आणली, आणि त्यातली मुख्य चीज होती कार्बन. कार्बन म्हणजे काय हो, आपली काजळीच! दिव्याची काजळी डिंकात घोटून केलेल्या शाईने आपल्याकडे पोथ्या लिहिल्या, त्या शेकडो वर्षांनीही काळ्याभोर आहेत. त्रास एकच, कण खाली बसतात आणि प्रिंटरची बारीक छिद्रं तुंबतात. बोरूने लिहिलेल्यांना दौत ढवळण्याचं महत्त्व सांगायला नको.

मोठ्या कंपन्यांनाही हे हळूहळू पटलं. २००३ मध्ये एचपीने एका प्रिंटरला करड्या शाईचं वेगळं कार्ट्रिज दिलं, २००५ मध्ये एप्सनने एकाच यंत्रात तीन काळ्या शाया आणल्या. चकचकीत कागद तिरका धरला की काळा भाग तांब्यासारखा चमकतो, तो वेगळाच वैताग. त्याला मॅट कागद हा सोपा उपाय.

एवढा अभ्यास झाल्यावर भाच्याने पुण्यात करड्या शायांचं यंत्र असलेला एक छपाईवाला गाठला. मॅट कागद, रंगीत शाया शक्य तितक्या कमी. प्रिंट आला तो मी आधी खिडकीत धरला, मग ट्यूबखाली, मग अंगणात. आई सगळीकडे आईच.

समारंभात अक्काने फोटो मांडीवर घेतला. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, आता तिला चांगलं दिसतं. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "चेहरा अगदी तसाच आलाय रे, बापू. पण लुगडं हिरवं होतं."

मी म्हटलं, "तुला कसं आठवतं? तू पाच वर्षांची होतीस."

"तेव्हाचं कशाला आठवायला हवं? आई गेल्यावर आजीने त्याच लुगड्याची गोधडी शिवली. कितीतरी वर्षं तू तीच पांघरून झोपायचास. हिरवं, लाल काठाचं."

गोधडी मला आठवते. ते लुगडं कुणाचं होतं हे पंचाहत्तरीला आल्यावर कळलं.

तो पहिला, बिघडलेला प्रिंट मी फेकला नव्हता. कऱ्हाडहून परत आल्यावर कपाटावरून काढला. चेहरा आजारी दिसतो हे खरंच आहे, पण हाताने चेहरा झाकून खिडकीपाशी धरला की लुगडं बरोबर दिसतं.