चौदाशे वर्षांचा कोरा कागद : मरणाला चकवणाऱ्या नायकांचा इतिहास



आजचा विषय वाचून काही ज्येष्ठ मंडळींच्या कपाळाला आठी पडली असणार. भुताखेतांची चित्रकथा, तीही विलायती, हा काय व्याख्यानाचा विषय झाला? पण विषय मरणाचा आहे, आणि मरणाचा विषय पाथर्डी तालुक्याला नवा नाही. इथून जवळच मढीला कानिफनाथांची समाधी आहे. गर्भगिरीच्या डोंगरात वृद्धेश्वर आहे, त्याला आपण सरळ म्हातारदेव म्हणतो. थोडं पलीकडे, आष्टी तालुक्यात सावरगावला, मच्छिंद्रनाथांचं मायंबा आहे. या सगळ्या नाथपंथी भूमीत एक प्रश्न शेकडो वर्षं विचारला गेला : काळ दारात आला तर माणसाने काय करावं? पळावं, भांडावं, सौदा करावा, की दार उघडावं?

तर आधी ती विलायती गोष्ट सांगतो. जॉन कॉन्स्टंटाइन नावाचं पात्र १९८५ साली ॲलन मूर या इंग्रज लेखकाने आणि त्याच्या चित्रकार सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या एका चित्रमालिकेत आणलं. जानेवारी १९८८च्या अंकापासून त्याची ‘हेलब्लेझर’ ही स्वतंत्र मालिका सुरू झाली, ती २०१३ साली ३०० अंकांवर थांबली. हा कॉन्स्टंटाइन मांत्रिक आहे. पण आपल्या डोळ्यांसमोर मांत्रिक म्हटल्यावर जो येतो, तसा नव्हे. चुरगळलेला कोट, तोंडात सतत सिगारेट, जिभेला हाड नाही. मित्रांना संकटात ओढतो आणि स्वतः निसटतो. नायक म्हणावं तर लाज वाटते, खलनायक म्हणावं तर जीव लागतो. अशाला समीक्षेत प्रतिनायक म्हणतात.

१९९१ साली गार्थ एनिस या तरुण लेखकाने मालिका हाती घेतली आणि पहिल्याच कथेत या माणसाला फुप्फुसाचा कॅन्सर झाला. आता राक्षसाशी लढता येतं, सिगारेटने जळालेल्या फुप्फुसाशी कसं लढणार? मंत्र चालत नाही. शेवटी तो अट्टल माणसाची युक्ती करतो. नरकाचे तीन धनी असतात. त्यातल्या एकाचा याच्यावर जुना दात असतो, तो याच्या मरणाची वाटच पाहत असतो. हा उरलेल्या दोघांना, एकमेकांच्या नकळत, आपला आत्मा विकतो. आता हा मेला तर त्याच्या आत्म्यासाठी तिघांत युद्ध पेटणार आणि नरक बुडणार. मग तिघांनाही दात-ओठ खात त्याला बरं करावं लागतं. एक जमीन दोघांना विकणारी माणसं आपण पाहतो. याने आत्म्याचा तसा व्यवहार केला.

गंमत वाटते खरी. पण एनिसने त्याच कथेत मॅट नावाचा एक म्हातारा ठेवला आहे. तो त्याच दवाखान्यात, त्याच रोगाने पडलेला. दोघांची दोस्ती होते. मॅटकडे नरकाच्या धन्यांना विकण्यासारखं काही नाही, कारण तो साधा माणूस आहे. आमच्या मते गोष्टीचं खरं वजन त्या म्हाताऱ्याच्या खाटेपाशी आहे.

आता आपल्याकडे येऊ. मरणाची चित्रं दाखवून गोष्ट सांगण्याची चाल आपल्याकडे फार जुनी आहे. विशाखदत्ताच्या ‘मुद्राराक्षस’ नाटकात चाणक्याचा हेर यमपट घेऊन घरोघर हिंडतो. यमपट म्हणजे यमाच्या दरबाराची, परलोकातल्या भोगांची चित्रं काढलेलं कापड. हेराने हा वेष घेतला याचा अर्थ उघड आहे : असे लोक इतके नेहमीचे होते की त्यांना दारात पाहून कोणाला संशय येत नसे.

दुसरा दाखला अधिक बोचरा आहे. सातव्या शतकात बाणभट्टाने ‘हर्षचरित’ लिहिलं. त्यात राजपुत्र हर्ष बापाच्या आजारपणाची बातमी ऐकून घोडा दामटत राजधानीत येतो. बाजारपेठेतून जाताना त्याला यमपटवाला दिसतो. भोवती पोरांचा गराडा, डाव्या हातात पट, त्यावर रेड्यावर बसलेला यम, आणि उजव्या हातातल्या बोरूच्या काडीने तो परलोकाची हकिगत दाखवतो आहे. राजवाड्यात बाप शेवटचे श्वास मोजतो आहे आणि रस्त्यावर पोरं मरणाची चित्रं तोंड उघडी टाकून बघताहेत. त्या काळी ही चित्रं कोणी मुलांपासून लपवली नाहीत, एवढं ध्यानात ठेवा.

बाराव्या शतकातल्या चालुक्य राजा सोमेश्वराच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात चित्रकथकाचा उल्लेख येतो. पुढे महाराष्ट्रात चित्रकथी हा गावोगाव फिरणारा वर्गच झाला. एकेक चित्र उचलायचं, वाद्याच्या साथीवर गोष्ट गायची, मग पुढचं चित्र. या चित्रांच्या एका शैलीला आपल्या शेजारच्या पैठणचं नाव मिळालं आहे. कोकणात कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर समाजाने ही कला अजून धरून ठेवली आहे. तिथले परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. म्हणजे चित्रकथा ही काही परवा जहाजातून उतरलेली वस्तू नाही.

पैठणचं नाव निघालं म्हणून आणखी एक. ‘कथासरित्सागरा’त कथा आहे की प्रतिष्ठानच्या, म्हणजे पैठणच्या, सातवाहन राजाच्या दरबारातल्या गुणाढ्याने सात लाख श्लोकांची बृहत्कथा पैशाची भाषेत, स्वतःच्या रक्ताने लिहिली. पैशाची म्हणजे पिशाचांची बोली, असं मानत. राजाने ती नाक मुरडून परत पाठवली. गुणाढ्य रानात बसला, एकेक पान जनावरांना वाचून दाखवी आणि अग्नीत टाकी. सहा लाख श्लोक जळाल्यावर राजा धावत आला. उरलेला एक लाख वाचला. भुतांच्या भाषेतल्या गोष्टींना शिष्टांनी नाकारायचं आणि नंतर पश्चात्ताप करायचा, हा रिवाजही किती जुना, बघा.

त्याच कथासागरात वेताळाच्या पंचवीस कथा आहेत. ‘चांदोबा’ वाचणाऱ्या आमच्या पिढीला खांद्यावर प्रेत टाकून स्मशानातून चालणारा विक्रम अजून आठवतो. आणि १९६४ साली इंद्रजाल कॉमिक्स सुरू झालं, ली फॉक याचा १९३६ सालचा ‘फँटम’ मराठीत आला, तेव्हा त्याचं नाव काय ठेवलं? वेताळ! गावाच्या शिवेवर शेंदूर लावून ज्याला आपण भुतांचा राजा म्हणून पुजतो, त्याचंच नाव. हा वेताळ अमर आहे, असं रानातल्या लोकांना वाटतं. वाचकाला मात्र माहीत असतं की तो एकविसावा आहे. बाप मरतो, मुलगा तोच मुखवटा, तीच कवटीची अंगठी घालतो. माणूस मरतो, नाव चालतं.

हा धागा धरून आता आपल्या जिल्ह्यातल्या सर्वांत मोठ्या प्रतिनायकाकडे चला. गोदावरीकाठी पुणतांब्याला चांगदेवांची समाधी आहे. परंपरा सांगते की चांगदेव चौदाशे वर्षं जगले. काळ यायची वेळ झाली की योगबळाने प्राण ब्रह्मांडात चढवून बसायचे, काळ हात हलवत परत जायचा, मग हे पुन्हा खाली उतरायचे. म्हणजे चौदा वेळा शंभरी भरली आणि चौदा वेळा मरणाला चकवलं. शिष्यांचा ताफा, वाघाचं वाहन, सापाचा चाबूक. अहंकार तर विचारू नका.

अशा माणसाला ज्ञानदेवांना पत्र लिहायचं होतं. वयाने लहान, म्हणून ‘चिरंजीव’ लिहावं, तर ज्ञानाने मोठे. ‘तीर्थरूप’ लिहावं, तर पोरगं. शेवटी कोराच कागद पाठवला. तो पाहून मुक्ताबाई म्हणाली म्हणतात, की चौदाशे वर्षं जगून हे कोरेच राहिले! लहानशा मुलीच्या तोंडी परंपरेने हा घाव घातला आहे. ज्ञानदेवांनी उत्तर दिलं ६५ ओव्यांचं, तीच ‘चांगदेव पासष्टी’. त्या ओव्यांत चांगदेवांच्या वयाची चौकशी नाही, सिद्धींचं कौतुक नाही. सोनं आणि दागिना वेगळे नव्हेत, पाणी आणि लाट वेगळी नव्हे, तसा पाहणारा आणि पाहिलं जाणारं एकच आहे, एवढंच समजावलं आहे. पुढे त्याच मुक्ताबाईला चांगदेवांनी गुरू केलं. आणि मग, परंपरेच्या म्हणण्याप्रमाणे, चौदाशे वर्षं टाळलेलं मरण त्यांनी पुणतांब्याला समाधी घेऊन स्वीकारलं.

इतिहासाच्या अंगाने पाहिलं तर चौदाशे वर्षांचं कोडं थोडं सुटतं. त्या काळात चांगदेव नावाची मोठी माणसं एकाहून अधिक होती. चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखात १२०७ सालचा चांगदेव आहे. तो भास्कराचार्यांचा नातू, यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी. महानुभाव पंथात फलटणचे चांगदेव राऊळ आहेत. त्यांनी आपला देह ठेवला आणि गुजरातेत मेलेल्या हरिपाळदेवाच्या देहात प्रवेश केला, तेच पुढे चक्रधर, अशी त्या पंथाची श्रद्धा आहे. आणि हे पुणतांब्याचे योगी चांगदेव. एका नावाच्या अनेक माणसांच्या आठवणी लोकांनी एकाच दोरीत ओवल्या असाव्यात, असं आम्हाला वाटतं. म्हणजे जे इंद्रजालच्या वेताळाचं, तेच थोडंफार चांगदेवांचं : अमर झालं ते नाव.

तत्त्वज्ञानातही या प्रश्नाला हात घातला गेला आहे. चेक नाटककार कारेल चापेक याच्या १९२२ सालच्या नाटकात तीनशेहून अधिक वर्षं जगलेली एक गायिका आहे. तिला आता कशाचंच सुख नाही, दुःख नाही. त्या नाटकावरून बर्नार्ड विल्यम्स या ब्रिटिश तत्त्वज्ञाने निबंध लिहिला, तो १९७३ साली त्याच्या पुस्तकात आला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : ज्या इच्छांसाठी आपण जगतो, त्या अनंत आयुष्यात टिकूच शकत नाहीत, उरतो तो कंटाळा. आम्ही वर्गात हा निबंध शिकवताना चांगदेवांचा कोरा कागद फळ्यावर काढत असू. विद्यार्थ्यांना विल्यम्स लगेच कळे.

आता मढीकडे वळू. होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत तिथे यात्रा असते. रंगपंचमीला काठ्या घेऊन माणसं लोटतात, गाढवांचा बाजार भरतो. या कानिफनाथांच्या कथेत गोपीचंद राजा आहे. ‘नवनाथ भक्तिसार’ हा चाळीस अध्यायांचा ग्रंथ शके १७४१ म्हणजे १८१९ सालचा, त्यात ही कथा विस्ताराने येते. राणीच्या कान भरण्यावरून गोपीचंद आपल्या आईच्या गुरूला, जालंदरनाथांना, खड्ड्यात टाकून वर घोड्याची लीद लोटतो. गोपीचंद हा कथेचा नायक, आणि त्याचं पहिलं मोठं कृत्य हे! आई मैनावती मात्र त्याचा सुंदर देह पाहून रडते, की याचीही एक दिवस राख होणार. वर्षांनी जालंदरांचे शिष्य कानिफ येतात. गुरू बाहेर आले की राजा जळणार हे नक्की. मग कानिफ युक्ती करतात : पाच धातूंचे पाच गोपीचंद करवून खड्ड्याच्या काठी उभे करतात. आतून प्रश्न येतो, कोण आहे? गोपीचंद. जळून जा! एकेक पुतळा भस्म होतो. राग ओसरल्यावर खरा गोपीचंद पुढे होतो आणि वाचतो.

इथे कॉन्स्टंटाइनची आठवण येते की नाही? दोन्हीकडे मरण शब्दाने बांधलेलं आहे. सावित्रीनेही यमाला शब्दातच पकडलं होतं. शंभर पुत्रांचा वर दिलास, मग नवरा नेऊन कसं चालेल? मरणाशी भांडता येत नाही, पण कराराच्या कलमात त्याला अडकवता येतं, ही कल्पना वनपर्वापासून लंडनच्या गल्लीपर्यंत तीच आहे.

फरक दोन ठिकाणी पडतो. पहिला : युक्ती कोणासाठी? सावित्रीने नवऱ्यासाठी केली, कानिफांनी गुरू आणि राजा दोघांसाठी. कॉन्स्टंटाइनने फक्त स्वतःसाठी. दुसरा : वाचल्यावर काय? गोपीचंदाला राज्य सोडावं लागतं, झोळी घेऊन सख्ख्या बहिणीच्या दारात उभं राहावं लागतं. त्या धक्क्याने बहीण प्राण सोडते. जालंदर तिला उठवतात, पण राजाचा राजेपणा परत येत नाही. कॉन्स्टंटाइन मात्र पुन्हा सिगारेट पेटवायला मोकळा. म्हणून ती गोष्ट काळी आहे. त्यात भुतं आहेत म्हणून ती काळी झालेली नाही. वाचलेला माणूस वाचण्यालायक होता का, हा प्रश्न ती उघडा ठेवते, म्हणून ती काळी.

मग अशा गोष्टी वाचाव्यात की नाही? आमचं मत स्पष्ट आहे : वाचाव्यात, आणि मुलांच्या हातातून हिसकावू नयेत. आज आपल्या घरांत काय चालतं ते बघा. घरात कोणाला मोठा आजार निघाला की आपण त्याचं नाव घेत नाही. ‘गाठ आहे’, ‘तपासण्या चालू आहेत’. सगळ्यांना माहीत असतं, खाटेवरच्यालाही माहीत असतं, आणि सगळे मिळून गप्प. त्याला विचारायचं असतं, सांगायचं असतं, कोणाची क्षमा मागायची असते. आपण त्याच्या हाती कोरा कागद देतो. त्या कॉमिकमध्ये मात्र रोगाचं नाव मोठ्याने घेतलं आहे आणि त्याच रोगाची दोन माणसं एकमेकांशी धडपणे बोलतात. यमपटवालाही भर बाजारात हेच करत होता.

मरणाला चकवणाऱ्याचं कौतुक आपण जरूर करावं. युक्ती कोणाला आवडत नाही? पण चांगदेवांना जे हवं होतं ते चौदाव्या खेपेला काळ परत पाठवून मिळालं नाही. ते एका लहान मुलीचं खरं बोलणं ऐकून घेतल्यावर मिळालं. आपल्या घरात असं बोलणाऱ्याला बोलू द्यावं आणि खाटेवरच्या माणसाला ऐकू द्यावं, एवढीच विनंती करून आम्ही थांबतो.