चालत्या गाडींतील गाणें

कुरुंद्याहून वसमतच्या बाजाराकडे हळदीचीं पोतीं घेऊन निघालेल्या टेंपोंत चालकानें नखाएवढें मेमरी कार्ड यंत्रांत सरकविलें, कीं त्याची स्वतःची मैफल सुरू होते. प्रह्लाद शिंदे यांचें भक्तिगीत, त्यामागून भीमगीत, मग एखादी लावणी. निवड त्याची, क्रमहि त्याचाच. एवढ्या साध्या स्वातंत्र्यासाठीं मनुष्यास किती खटपट करावी लागली, हें सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं.

बैलगाडीच्या काळीं गाडीवान स्वतःच गाई, आणि बैलांखेरीज त्यास श्रोता नसे. १९०२ सालीं कलकत्त्यास गौहरजान हिचें गाणें तबकडींत उतरलें. परंतु ती तबकडी जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांची, आणि धक्का बसतांच सुई घसरणारी. १९३० सालीं अमेरिकेंत गॅल्विन यांच्या कंपनीनें मोटारींत बसणारा रेडिओ बाजारांत आणला. तरीहि काय ऐकावें हें केंद्रच ठरवी.

आपल्या आवडीची तबकडी धांवत्या मोटारींत वाजविण्याचें धाडस क्रायस्लर कंपनीनें १९५६ च्या गाड्यांतून केलें. सात इंची तबकडी मिनिटास अवघे सोळा पूर्णांक दोन-तृतीयांश फेरे घेई, आणि सुई उडूं नये म्हणून तिच्यावरील दाब वाढविलेला असे. पण ह्या खास तबकड्या एकाच कंपनीच्या. घरांतला संग्रह तेथें निरुपयोगी. म्हणजे गाडी आपली, भांडार मात्र परक्याचें! तो प्रयोग लवकरच मावळला, ह्यांत नवल तें काय?

१९६३ सालीं फिलिप्सनें आणलेल्या कॅसेटमुळें खरा पालट झाला, कारण तींत मालकास स्वतः ध्वनि उतरवितां येई. १९८० नंतर ती आपल्याकडे स्वस्त झाली, आणि मोठ्या कंपन्यांच्या दारांत ज्यांना कधीं प्रवेश मिळाला नसता, अशा गायकांचे आवाज ट्रकांतून घुमूं लागले. कॅसेटच्या वेष्टनावर कवीचें, गायकाचें नांव तरी छापलेलें असे.

पुढें जर्मन संशोधकांच्या प्रयत्नांतून 'एमपीथ्री' निघालें. हें नांव १९९५ चें. मोठ्या स्वराशेजारचा बारीक स्वर कानास ऐकूं येत नाहीं, तेव्हां तो गाळावा, अशी ही युक्ति. सीडीवरील मजकूर तिच्यामुळें अकराव्या हिश्शांत मावतो. सोळा जीबीच्या कार्डांत सुमारें तीन हजार गाणीं राहतात.

हीं कार्डें भरून देण्याचा धंदा मोबाइलच्या दुकानांनीं गांवोगांव केला. पैसे दुकानदारास मिळाले, गाणाऱ्यास कांहींच नाहीं. १९५७ च्या प्रताधिकार कायद्याची आठवण कोणास झाली नाहीं. त्याहूनहि मोठी हानि नांवांची झाली. नकलेवरून नक्कल होतां होतां कवि, शाहीर, गांव, सारें गळून पडलें. टेंपोचालकास गाणें शब्दन्‌शब्द पाठ असतें. गायक कोण, म्हणून विचारलें, तर तो यंत्राच्या इवल्याशा पडद्याकडे बोट दाखवितो. तेथें अक्षरें असतात, 'ट्रॅक ०७'.