मोड आलेले धान्य आणि झाकलेले मडके

विलायत-अमेरिकेत घरी बिअर करणारा हौशी माणूस बहुधा डब्यातल्या माल्टच्या अर्कापासून सुरुवात करतो आणि हात बसला की अख्ख्या धान्याकडे वळतो. एक किलो कोरड्या अर्काच्या जागी साधारण १.६ किलो माल्ट केलेले जव लागतात.

वाचकहो, माल्ट आपल्याला परके नाही. नाचणीला मोड आणून, वाळवून, दळून आपण सत्त्व करतो, तीच ही रीत. मोड येताना दाण्यात विकरे तयार होतात. भरडलेले जव ६५ ते ६८ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवले की ती पिष्टाची साखर करतात. डब्यातल्या अर्कात हे काम कारखान्याने आधीच उरकलेले असते.

अमेरिकेत १९२० ते १९३३ या दारूबंदीच्या काळात हा पाक पाव भाजण्यासाठी म्हणून उघड विकला जाई आणि घरोघरी त्याची बिअर होई. पुढे ब्रिटनने १९६३ साली घरगुती बिअरवरची परवान्याची अट काढली, अमेरिकेने १९७९ पासून मुभा दिली. धान्याकडे वळण्याची हौस मोकळेपणी फुलली ती त्यानंतर.

तापीच्या उत्तरेला, मुंबईहून बडोद्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर कोसाड आहे. आज ते सुरत शहरातच मोडते. तिथे अर्क की धान्य हा प्रश्नच उद्भवत नाही, दोन्ही गुन्हाच. मी पडलो कारकून, कायद्यांच्या तारखा पाहण्याची खोड जडलेली. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने या मुलखातली ताडी-दारू महसुलाच्या फासात आणली. त्याच वर्षीच्या इंग्रज-पोर्तुगीज तहाने ती पद्धत गोव्यावरही आली. तह १८९२ साली संपला. मुंबई राज्याचा १९४९ चा दारूबंदी कायदा गुजरातने १९६० नंतरही चालू ठेवला. आपण १९६१ पर्यंत पोर्तुगीज अमलाखाली, म्हणून तो इथे पोचला नाही. उलट २००९ साली काजूच्या फेणीला भौगोलिक मानांकन मिळाले.

म्हणजे कोसाडच्या मुलखातले मडके सरकारने दोनदा झाकले, एकदा तिजोरीसाठी, एकदा नीतीसाठी. मधे १९२२ साली मात्र दक्षिण गुजरातच्या आदिवासींनी देवीच्या चळवळीत दारू-ताडी आपणहून सोडली होती. दुकानदार-सावकारांचा पाश त्यांना तोडायचा होता. दारूबंदीवर वाद घालताना हे तिसरे झाकण आपण विसरतो. ते कोणत्याही कलमाने बसवलेले नव्हते.